नाव कोणाचे, गाणे कोणाचे?

फेब्रुवारी सरत आला की चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतील वस्त्यांमधून तालमीचे आवाज येऊ लागतात. बल्लारपूरची पेपर मिलची वस्ती असो, घुग्घुस-माजरीकडच्या कोळसा खाणींच्या कॉलन्या असोत की ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी भागातील धान पिकविणारी गावे असोत, संध्याकाळी विहारात पाच-सात पोरे जमतात. एकाच्या घरी वडिलांची जुनी ढोलकी असते. दुसरा उसनवारीने ऑर्गन आणतो. तिसऱ्याने ऑक्टोपॅडसाठी उन्हाळाभर मजुरी केलेली असते. बारावीत शिकणारी एखादी मुलगी वंदना म्हणता म्हणता गायिका होते. १४ एप्रिलला चौकात स्टेज पडते, मागे फ्लेक्सवर मोठ्या अक्षरांत नाव झळकते आणि समाजासमोर एक नवा संच उभा राहतो. कोणी त्याला गायन पार्टी म्हणतात, कोणी ऑर्केस्ट्रा म्हणतात, तर आजची पोरे सरळ बँड म्हणतात.

या पोरांचे आम्ही मनापासून स्वागत करतो. व्यसनाच्या आणि रिकामटेकडेपणाच्या वाटेवर न जाता ही मुले पेटी, ढोलकी आणि शब्द हाती घेतात, ही लहान गोष्ट नाही. परंतु कौतुकाच्या पलीकडे जाऊन एक प्रश्न विचारण्याची वेळ आता आली आहे. दरवर्षी एवढे संच निर्माण होतात, मग पाच वर्षांनी त्यातले किती टिकलेले दिसतात? आणि जे फुटतात ते का फुटतात?

आपल्या भागात नव्या संचाला पहिले यश लवकर मिळते. त्याचे कारण आपल्या इतिहासात आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात दीक्षा दिली. तेव्हापासून हा जिल्हा धम्मक्रांतीच्या नकाशावर ठळक आहे. १५ आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जनसागर लोटतो. एप्रिलमध्ये जयंती, वैशाखात बुद्धपौर्णिमा, ऑक्टोबरमध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिन असे आपले गाण्याचे वर्ष आहे. प्रत्येक गावाचे मंडळ आहे, प्रत्येक मंडळाची वर्गणी आहे आणि ऐकायला रात्रभर बसणारा समाज आहे. दुसऱ्या कोणत्या समाजातील नवशिक्या गायकाला पहिल्याच वर्षी इतका जाणता श्रोता मिळतो? शिवाय दिवाळीनंतर झाडीपट्टीतील नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा म्हणजे देसाईगंज ही त्या रंगभूमीची पेठ. भाऊबीजेपासून होळीपर्यंत गावोगाव शंकरपट आणि रात्रीची नाटके चालतात. त्या नाटकांना गायक लागतो, ऑर्गनवाला लागतो, ढोलकीवाला लागतो. ज्या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ती काही किरकोळ शाळा नव्हे. आपली अनेक पोरे तिथेच तयार होतात आणि उन्हाळ्यात बुद्ध-भीम गीतांच्या स्टेजवर उभी राहतात.

आता तर मोबाईल आहे. रात्री गायलेले गाणे सकाळी गडचिरोलीपासून मुंबईपर्यंत पोहोचते. पहिल्या वर्षी गावातले चार कार्यक्रम, दुसऱ्या वर्षी शेजारच्या तालुक्यांचे बयाणे, मग एखाद्या ध्वनिमुद्रण कंपनीचा फोन. आणि संच फुटतो तो नेमका इथे! पैसा नसतो तोवर सगळे भाऊ-भाऊ असतात. बयाणा वाढला की फ्लेक्सवर कोणाचा फोटो मोठा यावरून बोलणे सुरू होते. मुख्य गायक म्हणतो, लोक मला ऐकायला येतात. ऑर्गनवाला म्हणतो, चाली मी बांधल्या. गाणी लिहिणारा कोपऱ्यात बसलेला असतो, त्याचे नाव तर फ्लेक्सवर कुठेच नसते. मग एक दिवस एकाच नावाचे दोन संच एकाच जिल्ह्यात फिरू लागतात आणि मंडळवाल्यांना कळत नाही की बयाणा नेमका कोणाला द्यायचा. अशी भांडणे वकिलाच्या टेबलावर येतात तेव्हा आम्ही पहिला प्रश्न विचारतो, कागद आहे का? उत्तर ठरलेले असते. साहेब, आपसात कागद कशाला?

आमचे म्हणणे एवढेच आहे की संचाचे नाव म्हणजे नुसती सजावट नव्हे. नाव हा करार आहे. तो संचातल्या माणसांचा आपसातला करार आहे आणि संचाचा समाजाशी केलेला करारही आहे. हा करार ज्यांनी ओळखला त्यांचे काम टिकले.

इतिहास तपासून पाहू. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक यांनी नाशिक भागातून आंबेडकरी जलसा उभा केला. तमाशाच्या फडाला मालकाचे नाव देण्याची रीत तेव्हा सर्वत्र होती. कर्डकांचा जलसा मात्र 'नाशिक जिल्हा युवक संघ' या नावाने ओळखला जात होता. किती साधे नाव! ना अलंकार, ना कोणाचा फोटो. पण त्या नावात जिल्हा आहे, युवक आहेत आणि संघ आहे. नाव ऐकताच कळते की हे एकट्याचे दुकान नाही. गण-गवळणीच्या जागी प्रबोधन आणणाऱ्या या जलशांनी बाबासाहेबांचा विचार अक्षरओळख नसलेल्या माणसापर्यंत नेला. पुढे १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी मुंबईत 'लाल बावटा कलापथक' उभे केले. तिथे नाव झेंड्याचे होते. माणसे मोठी होती, तरी नाव माणसांचे नव्हते. २००२ च्या गुजरात दंगलींनंतर पुण्यातील तरुणांनी संच काढला तेव्हा त्यांनी संत कबीराचे नाव घेतले आणि 'कबीर कला मंच' जन्मला. जातीला आणि धर्माच्या दुकानदारीला नकार देणारा कबीर नावात घेतला, म्हणजे काय गायचे हे पहिल्याच दिवशी ठरले. आपल्या चंद्रपूरच्या अनिरुद्ध वनकरांकडे पाहा. 'मी वादळवारा' हे त्यांच्या कार्यक्रमाचे नाव गावोगावच्या लोकांच्या तोंडी बसले आणि झाडीपट्टीत ते 'लोकजागृती' या नावाने नाटक घेऊन उभे राहिले. मुंबईच्या कबीर शाक्य यांनी गिटार आणि ड्रम घेऊन बौद्ध रॉक बँड काढला, त्याला 'धम्म विंग्ज' असे नाव दिले. भाषा नव्या पिढीची, पण धम्म पहिल्या शब्दात.

याच्या उलट एक मोह आज वाढताना दिसतो. नावात भीम, प्रबुद्ध, सम्यक, तथागत असे काही आले तर इतर समाजाची मंडळे बोलावणार नाहीत, गणेशोत्सवाचा, शारदोत्सवाचा बयाणा जाईल, म्हणून नाव असे ठेवायचे की आपण कोण हे कळूच नये. पोटासाठी सर्व प्रकारची गाणी वाजविणाऱ्या कलावंताला आम्ही दोष देत नाही. बँडवाल्याने लग्नात वाजविले म्हणून तो विचार सोडून बसला असे होत नाही. पण नाव लपवून मिळालेले यश किती दिवस पुरते? ज्या दिवशी ओळख कळेल त्या दिवशी तो बयाणा जाणारच, आणि ज्यांनी नावासाठी जीव टाकला असता तो आपला समाजही सोबत नसेल.

तामिळनाडूतील तरुणांनी या मोहाला दिलेले उत्तर आपण समजून घेतले पाहिजे. २०१७ मध्ये चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने आणि संगीतकार तेन्मा यांच्या साथीने चेन्नईत एक मोठा संच उभा राहिला. गाना ही चेन्नईच्या कष्टकरी वस्त्यांतील, मयताच्या घरी गायली जाणारी गाणी. ती गाणारी पोरे, रॅप करणारी पोरे आणि रॉक वाजविणारी पोरे एकत्र आली. त्यांनी नाव ठेवले 'द कास्टलेस कलेक्टिव्ह', म्हणजे जातिविरहितांचा समूह. हे नाव हवेतून आले नाही. बौद्ध धम्माकडे वळलेले तामिळ विचारवंत अयोथी दास यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या लोकांना जातिविरहित द्रविड, जातिविरहित तामिळ म्हणून उभे राहण्यास सांगितले होते, त्या विचाराचे हे नाव आहे. जानेवारी २०१८ मध्ये चेन्नईत त्यांचा पहिला कार्यक्रम झाला आणि हजारो लोक आले. त्यांनी ओळख लपविली नाही. ओळखीलाच त्यांनी नाव केले, आणि त्या नावातला दुसरा शब्दही तितकाच मोलाचा आहे. समूह! कोणा एका गायकाचा तो बँड नाही.

आता कायद्याकडे वळू, कारण भावनेने संच उभा राहतो पण टिकतो तो व्यवहाराने. चार-पाच जण मिळून कार्यक्रम घेतात आणि मिळकत वाटून घेतात तेव्हा कागद असो वा नसो, १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या नजरेत ती भागीदारी ठरण्याची शक्यता मोठी असते. त्या कायद्याचे कलम १३ सांगते की वेगळे काही ठरलेले नसेल तर नफा सर्व भागीदारांत सारखा. म्हणजे मुख्य गायकाला वाटते की निम्मा वाटा माझा, आणि कायदा म्हणतो की ढोलकीवाल्याइतकाच तुझा. कलम १४ प्रमाणे भागीदारीचा नावलौकिकही तिच्या मालमत्तेत येतो. म्हणून संचाच्या नावावर एकट्याने हक्क सांगणे इतके सोपे नाही. आणि कलम ६९ तर प्रत्येक संचाने पाठ करावे असे आहे. नोंदणी न केलेल्या भागीदारीला करारातील येणे वसूल करण्यासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. मंडळाने कार्यक्रम करून घेतला आणि उरलेले पैसे बुडविले, तर नोंदणी नसलेला संच कोर्टात हात चोळत उभा राहतो. ज्यांना व्यवसायापेक्षा प्रबोधन हेच ध्येय वाटते त्यांना १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात जण मिळून संस्था नोंदविता येते. विहारात जमलेल्या पाच पोरांना आणखी दोन माणसे मिळणे अवघड आहे काय?

नावानंतर प्रश्न येतो गाण्याचा. आपल्या चळवळीतील सर्वांत मोठा अन्याय इथे झाला आहे. गायकाला टाळ्या मिळाल्या, कॅसेट कंपनीला पैसा मिळाला आणि लिहिणारा फाटक्या पिशवीत वही घेऊन फिरत राहिला. वामनदादा कर्डकांनी हजारो गाणी समाजाला दिली. १५ मे २००४ रोजी ते गेले. लेखकाच्या हयातीनंतर साठ वर्षे कॉपीराइट चालतो, हा १९५७ च्या कायद्याचा नियम आहे. त्या हिशेबाने वामनदादांच्या शब्दांवरील हक्क २०६४ च्या अखेरपर्यंत जिवंत आहे. त्यांची गाणी गाऊन नाव कमावणाऱ्या किती संचांना हे माहीत आहे? किती जण स्टेजवरून निदान कवीचे नाव घेतात? लेखक म्हणून ओळखले जाण्याचा हक्क त्याच कायद्याच्या कलम ५७ मध्ये आहे, हक्क विकला तरी तो जात नाही.

आजच्या लिहिणाऱ्या पोरांसाठी हा कायदा ढाल आहे. गाण्याचा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनेच देता येतो, तोंडी चालत नाही. कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची समजली जाते. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी मोठी गोष्ट केली. गीतकार आणि संगीतकाराने हक्क कंपनीला दिला तरी ध्वनिमुद्रित गाण्याच्या पुढील वापरातून येणाऱ्या मानधनातील निम्मा वाटा त्याच्याकडून काढून घेता येत नाही. तो वाटा फक्त वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेला देता येतो. गाणाऱ्याला आणि वाजविणाऱ्यालाही आपल्या सादरीकरणावर पन्नास वर्षे हक्क आहे. पण पहिल्या फोनने हुरळून गेलेला विशीतला पोरगा मोबाईलवर आलेला इंग्रजी करार न वाचताच होकार देतो आणि आयुष्यभराची गाणी पाच-दहा हजारांत घालवून बसतो.

हे फक्त गरिबांच्या बाबतीत घडते असे कोणी समजू नये. इंग्लंडमधील लिव्हरपूल बंदरातील चार पोरांचा 'द बीटल्स' हा बँड जगाने डोक्यावर घेतला. सुरुवातीला शाळेच्या नावावरून 'द क्वारीमेन' म्हणविणाऱ्या या पोरांनी १९६० मध्ये बीटल्स हे नाव पक्के केले. १९६३ मध्ये त्यांच्या गाण्यांच्या हक्कांसाठी एक कंपनी काढण्यात आली. १९६९ मध्ये ती कंपनी दुसऱ्यांच्या ताब्यात गेली आणि १९८५ मध्ये ते हक्क मायकेल जॅक्सनने विकत घेतले. ज्यांच्या घरी पैशांच्या राशी होत्या त्यांनाही आपली गाणी परत मिळविता आली नाहीत, मग आपल्या पोरांचे काय? कोरची, एटापल्ली, भामरागडकडची आदिवासी पोरेही आता ढोल आणि रेला गाण्यांची ध्वनिमुद्रणे करू लागली आहेत. परंपरेने आलेले गाणे कोणा एकाचे नसते. त्यावर उद्या कोणी कंपनी मालकी सांगू लागली तर ती हाणून पाडण्यासाठी गाणे कोणाकडून ऐकले, कोणत्या गावचे, हे आजच लिहून ठेवले पाहिजे.

नावाला आणखी एक बाजू आहे. या वनजिल्ह्यांत विषमतेविरुद्ध गाणाऱ्याकडे संशयाने पाहिले जाते, हे आपण जाणतो. कबीर कला मंचाच्या कलावंतांवर २०११ पासून खटले झाले. त्यातील काहींना २०१३ मध्ये जामीन देताना मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले होते की विषमतेबद्दल, दलितांवरील अन्यायाबद्दल बोलण्यावरून कोणी बंदी घातलेल्या संघटनेचा ठरत नाही. तरीही त्याच मंचाच्या तिघांना सप्टेंबर २०२० मध्ये भीमा कोरेगाव प्रकरणात अटक झाली. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयकही मंजूर केले. घाबरून गाणे बंद करा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आमचे सांगणे इतकेच की संचाच्या नावाखाली जे गायले जाते त्याची जबाबदारी सर्वांवर येते. म्हणून कोणते गाणे, कोणी लिहिले, कोणत्या तारखेला, कोठे गायले याची वही ठेवा. मंडळाचे पत्र आणि कार्यक्रमाचा परवाना जपून ठेवा. उघड नावाने, उघड स्टेजवर, नोंद ठेवून काम करणाऱ्याची बाजू कोर्टात भक्कमपणे मांडता येते.

आणि मंडळांनाही चार शब्द सुनावले पाहिजेत. डीजेला मागेल ती रक्कम देणारे मंडळ गायन पार्टीला मात्र रात्री दोन वाजता उद्या या म्हणते, ही कोणती आंबेडकरी रीत? ब्रह्मपुरी वनविभागातून वाघाच्या वाटेवर पोरे मोटारसायकलने मध्यरात्री घरी जातात. संचात मुलगी असेल तर तिचे आई-वडील जागे असतात. मुक्कामाची सोय, परतीचे वाहन आणि ठरलेला पैसा कार्यक्रमापूर्वी, ही मेहरबानी नाही, ते मंडळाचे कर्तव्य आहे. अनेक संच फुटतात ते भांडणाने, पण अनेक गायिका गाणे सोडतात ते या रात्रींमुळे. पत्रिकेवर गायकाच्या जोडीला गीतकाराचे नाव छापायला शाई किती लागते?

म्हणून या हंगामात तालीम सुरू करणाऱ्या प्रत्येक संचाला आमचे आवाहन आहे की पहिल्या कार्यक्रमाआधी एक कागद करा. नाव सर्वांचे राहील की एकाचे, कोणी सोडून गेला तर नावाचे काय होईल, बयाणा कोणाच्या खात्यात जाईल, गायक, वादक आणि गीतकार यांचे वाटे किती, वाद्ये कोणाच्या मालकीची, गाण्यांचे हक्क कोणाकडे आणि कंपनीशी बोलणी कोण करणार, एवढी सात उत्तरे त्यावर लिहा. सर्वांनी सह्या करा, विहाराच्या जबाबदार माणसाची साक्ष घ्या. आपल्या भागात वकिली करणारे शेकडो समाजबांधव आहेत. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या जिल्ह्यात एका संचाला एक पानाचा करार फुकट करून देणारा वकील मिळू नये, ही गोष्ट आम्हा वकिलांनाच लाजिरवाणी ठरेल.

बाबासाहेबांनी आपल्याला घटना लेखी दिली. तोंडी आश्वासनांवर पिढ्यान्पिढ्या फसविल्या गेलेल्या माणसांना कागदाचे मोल त्यांनीच शिकविले. ज्या समाजाने आपले हक्क कागदावर आणून घेतले, त्या समाजाच्या पोरांनी आपले नाव आणि आपले गाणे वाऱ्यावर सोडू नये. गाणे स्टेजवर मोकळ्या गळ्याने गा, पण त्याआधी विहारात बसून सर्वांनी सह्या करा.

जयभीम!